सर्वांना वाटले, घरी उरले नाही

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावी एका घरी आम्हांला सांत्वनासाठी जावे लागले. घरातील कर्ता पुरुष दोन दिवसांपूर्वी वारला होता. प्रार्थना आटोपली, पाणी झाले, आणि थोरला मुलगा जवळ येऊन संकोचाने म्हणाला, "फादर, बाबांचा एखादा चांगला फोटो तुमच्याकडे असेल का? सातव्या दिवसाच्या मिस्साला चौकटीत लावायचा आहे."

आम्हांला नवल वाटले. हा गृहस्थ काही कोपऱ्यात बसणारा नव्हता. गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेत क्रूस खांद्यावर घेणारा तो, सणाच्या मंडपाची दोरी ओढणारा तो, आणि शहरातून पाहुणे आले की मिरचीच्या पथारीजवळ उभा राहून त्यांना शेतीची माहिती देणाराही तोच. त्याच्यावर रोखलेले मोबाइल आम्ही स्वतः कितीदा पाहिले होते! पण त्या दुपारी जो तो आपापला मोबाइल चाळू लागला आणि हाती काहीच येईना. पुतण्याचा जुना मोबाइल विहिरीत पडलेला. जावयाने लग्नातला फोटो स्टेटसला ठेवला होता. तो चोवीस तासांत नाहीसा झाला आणि जागा होत नाही म्हणून मूळ फोटोही त्याने पुसला. शेजाऱ्याकडे एक सामुदायिक फोटो निघाला, पण तो इतक्या हातांतून पुढे ढकलला गेला होता की चेहरा मोठा करताच त्याचे नुसते चौकोन दिसू लागले.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो नंदुरबारला नेऊन मोठा करण्यात आला. भेदरलेले डोळे, ताठ मान, अंगावर कसलासा पांढुरका प्रकाश. घरच्या माउलीने तो पाहिला आणि खाली ठेवला. ती अहिराणीत एवढेच म्हणाली, "फादर, इतला लोकेसनी फोटो काढात, पन आमना घरमा एक बी नही."

हे वाक्य आम्हांला लागले. कारण त्या 'इतक्या लोकां'त आम्हीही होतो. आदल्या वर्षीच्या सणाचे फोटो आम्हीच काढले होते. ते धर्मप्रांताच्या कार्यालयाला पाठवले, अहवालात लावले, परिचितांना पाठवले. ज्याचा चेहरा त्यांत होता त्याच्या घरी मात्र एकही दिला नाही, आणि पुढे आमचाही मोबाइल भरला म्हणून ते पुसून टाकले. म्हणून या लेखात जे काही कठोर येईल, त्यातला पहिला वाटा आमचा आहे असे वाचकांनी समजावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कुटुंबाचे छायाचित्र 'शेअर' करणे म्हणजे ते कुणाच्या तरी हाती सोपवणे. देताना तो कुणीतरी नावाने ठाऊक असला पाहिजे, आणि पहिला मान ज्याचा चेहरा त्यात आहे त्याचा असला पाहिजे. आज आपण ज्याला शेअर करणे म्हणतो त्यात बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात. बोट फिरवले की फोटो तीनशे जणांसमोर जातो. त्यातील दोनशे नव्वद जणांनी तो मागितलेला नसतो, आणि ज्यांना तो हवा असतो, ती गावाकडची आजी, रुग्णालयातला मामा, ऊसतोडीला गेलेला बाप, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. याला वाटणे म्हणावे की उधळणे?

आमच्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उदाहरण घडून गेले आहे. शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. तो मिळाला याच गावच्या रंजना सोनवणे यांना. त्या दिवशीचे त्यांचे छायाचित्र देशभर आणि देशाबाहेरही छापले गेले. पुढच्या काळात वार्ताहर पुनःपुन्हा टेंभलीला गेले, तेव्हा आपले दैनंदिन जिणे फारसे बदलले नाही असेच त्यांनी सांगितल्याचे वृत्तांत आले. एका बाईचा चेहरा सबंध देशाला ठाऊक झाला. त्या प्रसिद्धीतून तिच्या पदरात काय पडले, हा प्रश्न तसाच राहिला. पुढे आधार योजनेला दिलेल्या आव्हानातूनच प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. खाजगीपणा म्हणजे श्रीमंतांचे उंच कुंपण असे अनेकांना वाटते. तो पाड्यावरच्या माणसाचाही हक्क आहे, हे आता न्यायालयाने सांगितलेले आहे.

फोटो घेऊन जायचा आणि द्यायचा मात्र नाही, ही रीत काही मोबाइलने आणलेली नाही. आपल्याकडे छायाचित्रकला फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होते. पण त्याच शतकात, १८६८ ते १८७५ या काळात, इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत देशातील जातीजमातींची साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्यांतील पुष्कळ माणसे केवळ नमुने म्हणून उभी केलेली आहेत. अमुक जमात, अमुक प्रांत, एवढीच त्यांची ओळख. शहरातून येणारा आजचा पाहुणा पाड्यावरच्या शेंबड्या पोराचा फोटो 'निरागस हास्य' असे लिहून जगापुढे ठेवतो आणि त्या पोराचे नावही विचारत नाही. तो त्या आठ खंडांपासून फार पुढे आला आहे असे आम्हांला वाटत नाही.

यावर आमचे तरुण मित्र म्हणतील, "फादर, आनंद वाटल्याने वाढतो. बाळाचा स्नानसंस्कार झाला, लेकीचे लग्न ठरले, ते चार लोकांना कळू नये काय?" अवश्य कळावे! पवित्र मरियेने आपली आनंदाची वार्ता घेऊन एलिझाबेथच्या घरी धाव घेतली, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण ती एका घरी गेली, जिथे तिची वाट पाहणारे माणूस होते. आणि त्याच मरियेने पुढच्या अनेक गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या, असेही लूक सांगतो. आनंदाची वार्ता कोणाला न्यावी आणि कोणती गोष्ट मनात जपावी, याचा विवेक तिच्याजवळ होता. तो आपल्या हातून मोबाइलबरोबर निसटला आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आम्ही वेदीवरून पाहतो, तेव्हा आईबापांचे चेहरे दिसत नाहीत, उंचावलेले मोबाइल दिसतात. मूल वेदीवरून परत बाकाशी येण्याआधी त्याचा फोटो स्टेटसवर गेलेला असतो. त्या मुलाचे डोळे आईला शोधत असतात, आणि आई 'किती जणांनी पाहिले' ते शोधत असते. आनंद वाढला असे म्हणता येईल का?

दुसरे म्हणणे असे की, "आपल्या फोटोत लपवण्यासारखे काय आहे?" तुमच्या फोटोत नसेल, तुमच्या मुलाच्या फोटोचे काय? गणवेशावर शाळेचे नाव, मागे घराचा रस्ता, खाली वाढदिवसाची तारीख आणि लाडके नाव. एखाद्या अनोळखी माणसाने येऊन ही माहिती विचारली तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. तीच माहिती आपण आपणहून शेकडो जणांना देतो. शिवाय आंघोळ घालतानाचा, रडतानाचा, मार खाल्ल्यावरचा फोटो मूल दोन वर्षांचे असताना गमतीचा वाटतो. ते चौदा वर्षांचे होते तेव्हा वर्गातली मुले तोच फोटो काढून त्याला चिडवतात. मुलाने संमती दिलेली नसते, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते.

कायदा या बाबतीत काही गोष्टी सांगतो. २०२३ साली संसदेने केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानतो. मात्र एखाद्या व्यक्तीने निव्वळ खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला त्यातून वगळले आहे. कायद्याने घराचा उंबरठा ओलांडला नाही, हे योग्यच झाले. पण याचा अर्थ असा की घराच्या आत मुलाचा पहारेकरी आईबापांची सदसद्विवेकबुद्धी हीच आहे. ती झोपली तर दुसरे कोणी जागे नाही.

संस्थांना मात्र ही सवलत आहे असे समजून चालू नये, आणि इथे आम्ही आमच्याच माणसांशी बोलतो: धर्मगुरूंशी, सिस्टरांशी, वसतिगृहे आणि बालगृहे चालवणाऱ्यांशी. संरक्षणाची व काळजीची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करून त्याची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. तरीही अनाथ मुलाच्या हाती ताट देऊन, त्याला कॅमेऱ्याकडे पाहायला लावून काढलेले फोटो देणगीदारांना पाठवण्याचा मोह आपल्याला सुटत नाही. ब्लँकेट देणारे पाच हात आणि घेणारा एक थरथरता हात, असा फोटो आम्ही कितीदा पाहिला आहे! उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये असे आपण प्रवचनात सांगतो आणि खाली उतरून डाव्या हाताने त्याचा फोटो काढतो. घेणाऱ्याच्या दैन्याचा फोटो हा त्याचा कौटुंबिक फोटो आहे, हे आपण विसरतो. तो वाटण्याचा अधिकार आपल्याला दिला कोणी?

आता जपण्याविषयी. जे जपले नाही ते पुढे वाटता येत नाही, हे रनाळ्याच्या त्या घरात आम्हांला कळले. मोबाइलमध्ये आहे म्हणजे कायम आहे, असा आपला समज असतो. एके काळी आपल्या तरुणांनी ऑर्कुटवर आपले सारे अल्बम ठेवले होते. ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आणि ज्यांनी दिलेल्या मुदतीत आपले फोटो उतरवून घेतले नाहीत ते हात चोळत बसले. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा मिळे. ती सोय १ जून २०२१ पासून संपली, आणि आता टपाल वगैरे सर्व मिळून पंधरा जीबीच फुकट आहेत. जे खाते सलग दोन वर्षे वापरले गेले नाही ते पुसून टाकता येईल, असेही त्या कंपनीचे धोरण आहे आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. माणूस वारला की त्याचे खाते निष्क्रिय होते, हे सांगायला नको. परवलीचा शब्द त्याच्याबरोबरच जातो. ज्या दिवशी फोटोची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी कुलूप!

मूळ प्रत जपल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्या संतांच्या इतिहासात आहे. लिझ्यच्या संत तेरेजाची थोरली बहीण सेलीन १८९४ साली कार्मेल मठात दाखल झाली तेव्हा आपला कॅमेरा घेऊन गेली. त्या काळी मठात ही नवलाचीच गोष्ट. १८९७ मध्ये तेरेजा वारली. पुढे जगभर तिची जी चित्रे गेली ती रंगरूप सुधारून, चेहरा गोड करून काढलेली होती. कित्येक दशके भाविकांना खरी तेरेजा ठाऊकच नव्हती. पण मठाने सेलीनची मूळ छायाचित्रे जपून ठेवली होती, म्हणून १९६१ मध्ये ती जशीच्या तशी प्रसिद्ध करता आली, आणि थकलेली, ठाम, मातीच्या पायांची एक खरी तरुणी जगाला दिसली. आज चेहरा उजळ करणारी युक्ती प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. सुधारलेला फोटो वाटा, हरकत नाही. पण खरा चेहरा असलेली मूळ प्रत पुसू नका. नातवंडांना आजीचा खरा चेहरा पाहण्याचा हक्क आहे.

मग करावे काय? मोबाइल विहिरीत टाका असा उपदेश आम्ही करणार नाही. वसईच्या कितीतरी घरांतील मुले आखातात, कॅनडात आहेत. त्यांच्या आईबापांना नातवाचे हसणे त्याच दिवशी पाहायला मिळते, ही परमेश्वराची कृपाच आहे. आमचे सांगणे मार्गाच्या निवडीविषयी आहे.

जवळच्या नातलगांसाठी व्हॉट्सॲपवर वेगळा छोटा गट करावा. त्यात आजीपासून नातवापर्यंत प्रत्येक जण नावाने ठाऊक असावा. धर्मग्रामाच्या, सोसायटीच्या वा शाळेच्या गटावर घरचा फोटो टाकू नये. साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो, हे ध्यानात ठेवावे. बारा इंचांची चांगली प्रत काढायची तर इंचामागे तीनशे याप्रमाणे लांबीत ३,६०० बिंदू लागतात, आणि साध्या रीतीने आलेल्या फोटोत त्याहून पुष्कळ कमी उरतात. म्हणून जपायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. म्हणजे तो मूळ रूपात पोचतो. मात्र अशा मूळ फोटोबरोबर तो कोठे काढला त्या ठिकाणाची नोंदही जाऊ शकते, तेव्हा ही रीत घरच्यांपुरतीच ठेवावी. लग्नासारख्या प्रसंगाचे शेकडो फोटो असतील तर गूगल फोटोजचा सामायिक अल्बम सोयीचा. पण त्याचा दुवा ज्याच्या हाती पडेल त्या कोणालाही तो पाहता येतो. नातलगांना नावाने आमंत्रण द्यावे आणि दुव्याने पाहण्याची मुभा बंद ठेवावी. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत म्हणा, सारे फोटो संगणकाच्या वेगळ्या डिस्कवर उतरवावेत, आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी भावाकडे वा बहिणीकडे ठेवावी.

आणि कागदावर छापावे. हा उपाय जुना आहे, पण गरिबाच्या घरी आजही हाच पोचतो. दिवाळीनंतर आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुलाला शाळेत मिळालेल्या बक्षिसाचा फोटो तिथल्या झोपडीत भिंतीला चिकटवायचा असतो. त्याला चार्जर लागत नाही, रेंज लागत नाही. पोस्टकार्डाएवढी एक प्रत काढायला चहाच्या एका कपाच्या आसपास खर्च येतो. मागच्या बाजूला नाव, गाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहावे. आपल्या आजोबांच्या अल्बमातील किती चेहरे आज बिननावाचे झाले आहेत, हे आठवले म्हणजे या पेन्सिलीची किंमत कळेल.

दुसऱ्याच्या मुलाचा फोटो काढण्याआधी त्याच्या आईला विचारावे. मूल कळते झाले असेल तर त्यालाही विचारावे, आणि 'नको' म्हणाले तर रागावू नये. फोटो काढलाच तर पहिली प्रत त्याच्या घरी द्यावी. जगाचा क्रमांक त्यानंतर. आमच्या धर्मग्रामात यंदाच्या सणापासून आम्ही हाच नियम स्वतःला घालून घेतला आहे. खर्च येतो, वेळ जातो, आणि छापील पाकिटे घेऊन दारोदार फिरताना काही जण हसतातही. हसोत बापडे!

रनाळ्याच्या त्या घराला मात्र आम्ही काही देऊ शकलो नाही. शहरातील एका परिचिताला आम्ही विचारले. दोन वर्षांपूर्वी मिरचीच्या पथारीजवळ त्यांनी बरेच फोटो काढले होते. त्यांनी शोधले, सापडले नाहीत. वर्षश्राद्धाच्या मिस्साला आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. भिंतीवर तोच आधार कार्डाचा चेहरा होता, त्याला झेंडूचा हार होता. माउलीने चहा दिला. आमच्या खिशात मोबाइल होता, पण या वेळी आम्ही आधी विचारले, "तुमचा फोटो काढू का?" तिने पदर सावरला, मुलांना आणि नातवंडांना हाक मारली, आणि सगळी जण ओट्यावर येऊन बसली. आठ दिवसांत चार प्रती छापून आम्ही नेऊन दिल्या: एक तिला आणि एकेक तिन्ही मुलांना. त्या फोटोची आणखी प्रत कोणाकडेही नाही. आमच्याकडे मूळ तेवढे आहे, तिला हवे असेल तेव्हा देण्यासाठी.

वाचकहो, आज संध्याकाळी जपमाळ झाल्यावर मोबाइल उघडा आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाचा एक चांगला फोटो त्यात आहे का ते पाहा. नसेल तर विचारून काढा. असेल तर उद्याच छापून त्यांच्या हाती द्या. स्टेटसला नंतर ठेवता येईल, आणि न ठेवले तरी काही बिघडणार नाही.